सही कुठं केलो मी?

सोलापूरच्या पार्क चौकातल्या चहाच्या गाड्यावर ‘पैसे कटले’ हे शब्द मोठ्यानं उच्चारायचे नाहीत. उच्चारले, की बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेले पिग्मीकाका पेपर खाली ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, “किती?” आपण बिचारे लाईटबिलाबद्दल बोलत असतो. पण काकांच्या पिशवीतून वही बाहेर आलेली असते आणि चहा गार होईपर्यंत आपली सुटका नसते.

“मला एक सांगा ओ मालक, सही कुठं केलो मी?”

तुमच्याही गल्लीत असा एक असणार. कुठल्यातरी कंपनीनं त्याचे शे-दीडशे रुपये खाल्लेले असतात आणि त्याची वसुली तो आपलं डोकं खाऊन करत असतो.

काकांनी गुडघ्याचा पट्टा मागवला होता, घरबसल्या, मोबाईलवरून. पट्टा बरा निघाला. पण पैसे भरून झाल्यावर पडद्यावर एक रंगीत चौकट आली होती: आरोग्य क्लबचे सभासद व्हा, पहिला महिना फक्त एक रुपया. ‘हो’ लिहिलेलं बटण बत्ताशाएवढं होतं, ‘नको’ मात्र राखाडी रंगात, मुंगीला वाचता येईल एवढं. काकांना वाटलं पट्ट्याचाच काहीतरी कर असेल. रुपया तर आहे, म्हणून पिन टाकला. पुढच्या महिन्यापासून एकशे एकोणपन्नास रुपये जायला लागले. बँकेतलं पासबुक छापायचं मशीन नेहमीप्रमाणे बंद होतं, त्यामुळे हे उघडकीला यायला मशीन दुरुस्त व्हावं लागलं.

त्या दिवसापासून काकांना सहीनं पछाडलं. वर्गणीला आलेल्या मंडळाच्या पोरांना “आधी पावती, पावतीवर सही, मग पैसे” हे आम्ही समजू शकतो. पण चार-पाच दिवसांनी एकदा येणाऱ्या नळाची चावी सोडायला माणूस आला, तर त्याच्याकडूनही वेळ लिहून सही घेतली. भाचीच्या लग्नात आहेराचं पाकीट देऊन वहीवर नवरदेवाची सही मागितली. तो मुंडावळ्या सावरत करूनही गेला. हुरडा पार्टीला आम्ही त्यांना नेणं बंद केलं आहे. मागच्या वेळी शेतमालकाला विचारत होते, की कणसं किती भाजली याची नोंद कुठे असते.

काकूंनी एकदा पोळपाटावरून मान न उचलता विचारलं, “माझ्याशी लग्न केलात, तेव्हा सही कुठं केलात?”

काका पहिल्यांदाच गप्प बसलेले दिसले. मग म्हणाले, “ते पण तसंच लागलं की मागं.” त्या दिवशी त्यांना भाकरी फारच कडक मिळाली.

बँकेत गेले, तर बँक म्हणाली कंपनीला विचारा. कंपनीला विचारायला फोन नंबरच नाही. होती ती चॅटवर उत्तरं देणारी एक यंत्रबाई. काका तिला बाई समजले. “ताई, जेवण झालं का?” इथून त्यांनी सुरुवात केली. ताईनं तीन पर्याय दिले. काकांनी चौथा विचारला. ताईनं तेच तीन पर्याय पुन्हा दिले. “ताईच्या घरी काहीतरी टेन्शन हाय,” असं आम्हाला सांगून काकांनी तो विषय दोन दिवस थांबवला होता.

शेवटी ईमेल आला: आपण स्वतः संमती दिलेली आहे.

हे वाचून काका जे उसळले ते अजून बसलेले नाहीत. “संमती? आम्हाला संमती शिकवतात? सोलापुरात येऊन बघा म्हणावं!” आणि इथे, त्यांच्याबद्दल एरवी माझं काहीही मत असो, मला मान हलवावी लागते. संक्रांतीच्या गड्डा यात्रेला सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी, संमती कट्ट्यावर, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं आणि कुंभारकन्येचं लग्न लागतं. सात नंदीध्वज उभे असतात, पांढरी बाराबंदी घातलेल्यांची दाटी असते, आणि अक्षता पडण्याआधी संमती वाचली जाते. मोठ्यानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी. कथा बाराव्या शतकातली, नवरा-नवरी तीच. तरीही दरवर्षी ती नव्यानं वाचतात. गेल्या वर्षी वाचली होती म्हणून यंदा आपोआप लागली, असं म्हणायची सिद्धरामेश्वरांच्या गावात कुणाची टाप नाही.

“आणि हे म्हणतात पिन म्हणजेच सही! पिन टाकला की काय दिसतं? टिकल्या! आयुष्यभर सह्या केलो, घेतलो, तपासलो. आता माझी सही म्हणजे चार टिकल्या? आणि त्यांच्यामागचे आकडे मलाच दिसत नाहीत?”

वहीत सगळं लिहिलेलं आहे. युपीआयचं ऑटोपे जुलै २०२० मध्ये आलं. एकदा पिन टाकून परवानगी दिली, की पुढचे हप्ते पिन न विचारता जातात. रिझर्व्ह बँकेनं जून २०२२ मध्ये अशा हप्त्यांची मर्यादा पाच हजारांवरून पंधरा हजारांवर नेली. पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी कळवायचं असा नियम आहे, आणि कळवलंही जातं. काकांनाही मेसेज येत होते. पण प्लॉट घ्या, कर्ज घ्या, पनवेलला फ्लॅट घ्या यांच्यामध्ये तो एक मेसेज म्हणजे आषाढी वारीत हरवलेलं पोर. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला असल्या फसव्या मांडणीचे तेरा प्रकार ठरवून त्यांवर बंदी घातली. सभासदत्व घेणं सोपं आणि सोडणं अवघड करून ठेवणं हा त्यातलाच एक. “तेरा प्रकार काढले,” काका म्हणतात, “आता यांचं तेरावं कधी घालणार?”

शेवटी क्लबचा प्रश्न सोडवला शेजारच्या अकरावीतल्या पोरानं. पैसे पाठवायच्या ॲपमधला ऑटोपेचा भाग उघडला, तिथे क्लब बसलेलाच होता, ‘रद्द करा’ दाबलं. पिन मागितला. “बंद करायला पण टिकल्याच?” काका म्हणाले, पण टाकला. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर मराठीत तक्रार नोंदवली आणि कंपनीनं शेवटच्या एका महिन्याचे पैसे परत केले. काकांनी त्यांची पावती मागितली. सहीसकट.

इथवर तुम्हाला हा माणूस विक्षिप्त वाटला असेल. मलाही वाटायचा. पण काकांचा धंदा काय होता तेवढं सांगतो. पिग्मी. उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ साली रोज दोन आणे दारात जाऊन गोळा करायला सुरुवात केली. तीच रीत पुढे आपल्याकडच्या बँका-पतसंस्थांनी उचलली, आणि काकांनी ती नवी पेठ, मधला मारुती, चाटी गल्ली असं चालत चालत उभं आयुष्य निभावली. रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे राहायचे. दहा रुपये, वीस रुपये. गिऱ्हाईकाच्या पिवळ्या कार्डावर काकांची सही, काकांच्या वहीत गिऱ्हाईकाची. पेन सुतळीनं वहीला बांधलेलं, कारण दुकानदार पेन परत देत नाहीत हा त्यांचा अनुभव.

म्हणजे महिन्याची वसुली त्यांना नवी नव्हतीच. त्यांनी तर रोजची केली. फरक एवढाच, की ते रोज विचारायचे. “आज नाही काका” म्हटलं की त्या तारखेपुढे आडवी रेघ मारायची, पाणी प्यायचं, पुढच्या दुकानात जायचं. चाटी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या शिंप्यानं मला सांगितलं, की दिवाळीनंतरच्या मंदीत त्याच्या कार्डावर रेघाच रेघा होत्या. तरीही काका रोज पायरीवर यायचे. तगादा नाही, टोमणा नाही. नुसतं विचारायचे. “न विचारता गेले असते तर मला बरं वाटलं नसतं,” शिंपी म्हणाला. त्याच्या थोरलीचं लग्न त्याच दहा-दहा रुपयांत झालं. मुदत भरल्यावर रक्कम द्यायला काका स्वतः आले आणि तिथल्या तिथे तीनदा मोजायला लावली. शिंपी दुसऱ्यांदा मोजतानाच रडायला लागला होता, तरी तिसऱ्यांदा मोजायला लावलीच. आणि सही घेतली.

हल्ली काकांनी फेरी पुन्हा सुरू केली आहे. तेच रस्ते, तीच वेळ, सुतळीला बांधलेलं तेच पेन. आता पैसे घेत नाहीत, मोबाईल मागतात. ऑटोपे उघडायला लावतात आणि यादी मोठ्यानं वाचतात. पानवाल्याच्या मोबाईलमध्ये एक भविष्य सांगणारं ॲप निघालं, दर महिन्याला नव्व्याण्णव रुपये. हे पैसे जाणार हे भविष्य तेवढं त्या ॲपनं त्याला सांगितलं नव्हतं. किराणावाल्याच्या मोबाईलमध्ये क्रिकेटचं निघालं. ते रद्द करू का विचारल्यावर किराणावाला म्हणाला, “राहू द्या, पोरगं बघतंय.” काकांनी वाद घातला नाही. वहीत त्याच्या नावापुढे आडवी रेघ मारली.

जे रद्द करतात, त्यांच्याकडून ‘माझ्या मर्जीनं बंद केलं’ असं लिहून घेतात. त्यामुळे बरेच दुकानदार काका कोपऱ्यावर दिसले, की शटर अर्धं खाली ओढतात. काकांना त्याचं काही वाटत नाही. पिग्मीच्या काळातही ओढायचेच, म्हणतात. ते वाकून शटरखालून आत बघतात आणि विचारतात, “आज नाही का?”