घोडदळ मिळणार नाही

टायरचा विषय निघाला की मी खुर्चीत जरा पुढे सरकतो. नेमकी त्याच वेळी बायको उठते आणि आणखी भजी तळायला घेते. कुणाला हवीत का, हेही विचारत नाही.

लाइपझिगमध्ये नवरात्र बसायच्या सुमाराला मराठी घरांत एखादा नवा मुलगा हमखास भेटतो. पुण्याहून नाहीतर नाशिकहून आलेला, मोटारीच्या कारखान्यात नोकरी, नुकतीच सेकंडहँड गाडी घेतलेली. तो भाबडेपणानं विचारतो, "काका, ते विंटर टायर खरंच घ्यावे लागतात का?" 'काका' मी गिळतो, कारण पुढचा अर्धा तास माझा असतो.

सुरुवात ७ अंशांपासून. पारा त्याच्या खाली उतरला की उन्हाळी टायरचं रबर आखडायला लागतं. इथे मी खोबरेल तेलाच्या बाटलीचा दाखला देतो. ऐन थंडीत आंघोळीच्या वेळी ती उलटी धरून कितीही आपटली तरी थेंब पडत नाही. तेल तेच असतं, पण कामाला येत नाही. हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका जास्त, म्हणून तो गारठ्यातही मऊ राहतो. मग खाचा. मोठ्या खाचांच्या मधल्या ठोकळ्यांना ब्लेडनं मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या बर्फ आत धरून ठेवतात, आणि बर्फावर बर्फाचीच पकड सगळ्यात चांगली बसते. हे वाक्य मी सावकाश म्हणतो.

नंतर कायदा. लोक ऑक्टोबर ते ईस्टर हा हिशेब पाळतात, पण जर्मन कायद्यात तारीखच नाही. रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल किंवा दंवाचा निसरडेपणा असेल तर चाकांना हिवाळी टायर हवेत, नाहीतर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक गुण. मग टायरच्या कडेवरचं चिन्ह: तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण. १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं 'एम अधिक एस' लिहिलेला टायर इथे हिवाळी धरत नाहीत. मग जन्मतारीख: कडेवर ३५२३ असेल तर टायर २०२३ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातला. शेवटी मी खिशातून १ युरोचं नाणं काढतो. त्याची सोनेरी कड ३ मिलिमीटरची. ती खाचेत उभी धरायची. सोनेरी दिसली की टायर टकला होत चालला. कायदा १.६ मिलिमीटरला समाधान मानतो, पण हिवाळ्यात जाणकार ४ मागतात. 'जाणकार' म्हणताना मी स्वतःकडे बोट दाखवत नाही. एवढा संयम माझ्यात आहे.

"आणि ऑल-सीझन घेतले तर?" असं पोरगं विचारतंच. इथे मी थोडा वेळ गप्प बसतो. या गप्प बसण्याचा मी सराव केलेला आहे. मग चष्मा पुसत म्हणतो, "दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याचं काय होतं, हे मी तुला सांगायला हवं का?" शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला ऑल-सीझन व्यवस्थित चालतात. पण ते सांगितलं तर व्याख्यान तिथेच संपतं.

एक बारीकसा तपशील मी या व्याख्यानात घेत नाही. मी ऑफिसला ट्रॅमनं जातो. गाडी बायको चालवते.

तिचं रुग्णालय लुट्झेनच्या पलीकडे, एका लहान गावात. पहिली पाळी असली की पहाटे पाचला उठून अंधारात ती बी ८७ या रस्त्याला लागते. तरी यंदा टायर बदलायचे ठरले तेव्हा निवड अर्थातच माझ्याकडे आली. म्हणजे मी ती घेतली. एडीएसी ही इथल्या मोटारचालकांची संघटना दरवर्षी टायरच्या चाचण्या करते: कोरड्या रस्त्यावर, ओल्या रस्त्यावर, बर्फावर, काचेसारख्या गोठलेल्या पाण्यावर. त्या सगळ्यांचा तक्ता मी जेवणाच्या टेबलावर पसरला. बायकोनं त्यावर आमटीचं पातेलं ठेवलं आणि म्हणाली, "काळे आणि गोल असले की झालं. फक्त आवाज कमी करणारे बघ. सकाळी मला बातम्या ऐकू येत नाहीत."

याच अभ्यासात एका रात्री मला हाक्कापेलिट्टा भेटला. फिनलंडातल्या नोकिया गावचा टायर. हो, तेच नोकिया. ज्या फोनवर आपण साप खेळलो तो फोन आणि हा टायर एकेकाळी एकाच कंपनीच्या छताखाली होते. जगातला पहिला हिवाळी टायर या लोकांनी १९३४ मध्ये मालमोटारींसाठी काढला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी हाक्कापेलिट्टा. इथवर मी माणसांत होतो. पुढे वाचलं आणि माझा तोल गेला. हाक्कापेलिट्टा हे सतराव्या शतकातलं फिनिश घोडदळ. त्यांच्या रणघोषावरूनच त्यांना हे नाव पडलं. तेव्हा फिनलंड स्वीडनच्या राज्यात होतं, आणि स्वीडनचा राजा गुस्ताव आडोल्फ तीस वर्षांच्या युद्धात उडी घेऊन फौजेसह जर्मनीच्या किनाऱ्यावर उतरला. साल १६३०.

आता १६३० म्हटल्यावर मराठी माणसाला दुसरं काही सुचेल का? तिकडे शिवनेरीवर पाळणा हलतोय, इकडे बाल्टिकच्या वाळूत तोफा उतरताहेत. मंडळाच्या शिवजयंतीला दरवर्षी मी बोलतो. बारगिराला घोडा सरकारचा आणि शिलेदाराला स्वतःचा, हा फरक मी इथे जन्मलेल्या पोरांना इतक्यांदा सांगितलाय की मी उभा राहिलो की ती आधीच मागच्या दारानं खेळायला जातात. त्यामुळे घोडदळ हा प्रांत माझा. फिनिश घोडी ठेंगणी, दिसायला यथातथा, पण काटक. मोठाल्या देखण्या घोड्यांवरचे सरदार त्यांना हसले असणार. हसोत बापडे. भीमथडीच्या तट्टांनाही कोणी पाहताक्षणी मुजरा केला नसेल. हलकं चिलखत, सुसाट दौड, अगदी जवळ जाऊन पिस्तूल झाडायचं आणि लगेच तलवार उपसायची. हा गनिमी कावा नव्हे, हे मला कळतं. पण रात्रीचा दीड वाजला होता आणि हरकत घ्यायला कोणी जागं नव्हतं.

आणि हे लढले कुठे? आमच्या दारात! १६३१ मध्ये ब्राइटनफेल्डला, जे आज लाइपझिगातच मोडतं. १६३२ च्या नोव्हेंबरात लुट्झेनला. टोर्स्टेन स्टोल्हान्डस्के या सरदाराच्या हाताखाली फिनिश स्वार राजाबरोबर उजव्या बगलेला होते. त्या दिवशी दाट धुकं होतं. राजाची नजर मुळात अधू. धुक्यात तो आपल्या माणसांपासून तुटला, शत्रूच्या स्वारांत जाऊन पडला आणि मारला गेला. स्वीडननं लढाई जिंकली, राजा गमावला. अशा प्रसंगासाठी आपल्याकडे सिंहगडापासून एक वाक्य तयार आहे. राजाचा घोडा श्ट्राइफ, त्याचं कातडं भरून स्टॉकहोमच्या संग्रहालयात आजही उभं केलेलं आहे. मी बायकोला उठवलं. सिंहगडापासून सुरू करून श्ट्राइफपर्यंत आलो. ती म्हणाली, "पाचला उठायचंय मला," आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी मी टायरवाल्याकडे गेलो तो टायर घ्यायला नव्हे, पागा भरायला. टायरवाला पन्नाशीचा, अस्सल सॅक्सन, शब्द मोजून वापरणारा. मी हाक्कापेलिट्टाचं नाव काढलं. तो हात पुसत म्हणाला, "तो उत्तरेचा टायर. तिथे महिनोन्‌महिने बर्फ. इथे हिवाळाभर पाऊस. ओल्या रस्त्यावर वेगात ब्रेक लावलात तर तो मऊ टायर थांबायला जास्त जागा घेईल. मध्य युरोपासाठी वेगळं मिश्रण असतं."

"पण हे घोडदळ इथेच, लुट्झेनला..."

"लुट्झेनलाही पाऊसच पडतो," तो म्हणाला.

घोडदळ मिळणार नव्हतं. शेवटी त्यानं दाखवलेला, तक्त्यात ओल्या रस्त्याच्या रकान्यात चांगले गुण मिळवलेला, नावात कसलाही पराक्रम नसलेला टायर घेतला. २०५/५५ आर १६, ९१ टी. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, उंची तिच्या ५५ टक्के, रिम १६ इंची, एका टायरवर ६१५ किलोंपर्यंत भार, वेग ताशी १९० पर्यंत. "रिम तुमच्याच?" त्यानं विचारलं. "स्वतःच्या," मी शिलेदाराच्या ताठ्यानं सांगितलं. आमची गाडी कागदोपत्री दोनशेच्या वर जाते, म्हणून चालकाच्या नजरेसमोर '१९०' असा स्टिकर लावणं भाग होतं. तो लावून घेताना मला जरा बरं वाटलं. आपल्यालाही कोणीतरी आवरावं लागतं, असा त्याचा अर्थ निघू शकतो. बायको ११० च्या वर जात नाही आणि मी बाजूला बसलेला असलो तर ९० वरही हँडल धरून असतो, हे स्टिकरला कुठे माहीत?

टायर चढवताना मी पाठीमागे हात बांधून देखरेख करायला उभा राहिलो. त्यानं नम्रपणे मला पिवळ्या रेषेच्या मागे पाठवलं. तिथूनही मी फिरण्याची दिशा दाखवणारा बाण बरोबर आहे ना, हे मान वाकडी करून पाहिलं. होता. उतरवलेल्या उन्हाळी चाकांवर त्यानं खडूनं पुढचं डावं, मागचं उजवं असं लिहिलं आणि ती आतल्या फडताळांत नेली. उन्हाळ्यापर्यंत ती तिथेच राहतात, भाडं भरून. या सोयीला इथे टायरचं हॉटेल म्हणतात. सांगलीला फोनवर हे सांगितलं तर आई म्हणाली, "चाकांना हॉटेल? आम्ही आलो होतो तेव्हा बाबांना सोफ्यावर झोपवलं होतंस."

नोव्हेंबर सरता सरता एका रात्री बर्फ पडला. शहरात बर्फ तसा थोडाच असतो, सकाळी दहापर्यंत त्याचा राखाडी लगदा होतो. २०२१ च्या फेब्रुवारीत इथे ट्रॅम बंद पडल्या होत्या, पण तसं दरवर्षी होत नाही. बायको नेहमीच्या वेळेला निघाली. गाडीच्या काचेवरचा बर्फ तिनं खरवडला, मी खिडकीतून 'अजून, अजून' असे हातवारे केले. ती गेली. सातच्या सुमाराला माझ्या ऑफिसातून पत्र आलं: हवामान खराब आहे, शक्यतो घरूनच काम करा, काळजी घ्या. मला राग आला. कोणाचा, ते पटकन ठरवता येईना. ज्याच्या हाती लॅपटॉप आणि ट्रॅमचा पास आहे त्याला काळजी घ्यायला सांगतात. परिचारिका, बेकरीवाले, फरशी पुसणाऱ्या बायका यांना असलं पत्र कोणी पाठवत नाही. मीठ टाकणारी गाडी आधी हमरस्त्यांवर जाते, गावातल्या आडरस्त्यांची पाळी मागाहून. तोवर पहिल्या पाळीची माणसं आपापल्या जबाबदारीवर रस्त्यात असतात.

तिचा रस्ता लुट्झेनला त्या राजाच्या स्मारकाजवळून जातो. इतक्या रात्री मी तिथलं धुकं चवीनं वाचलं होतं. त्या सकाळी मला ते धुकं सोडून दुसरं काही आठवेना. चिरा आठवेनात, सिलिका आठवेना, ओल्या रस्त्याच्या रकान्यातले गुण आठवेनात. चहा केला, तो प्यायचा राहिला. फोन उलटा ठेवला, परत सरळ ठेवला. तिचा निरोप आला तेव्हा तो माझ्या अपेक्षेहून बराच कोरडा होता: "पोचले. धुकं होतं. टायर आवाज करत नाहीत."

"टायर" हा शब्द तिनं आपण होऊन लिहिला होता. दुपारपर्यंत मी पूर्ववत झालो.

राहिलं एक काम. चाकं बदलल्यावर सुमारे ५० किलोमीटरनंतर नट-बोल्ट पुन्हा आवळून बघायचे असतात. टायरवाला ते फुकट करून देतो. पण मी त्यासाठी बेताचा जोर लावणारा पाना घेतलेला आहे, १२० न्यूटन-मीटरवर लावला की 'कट्' आवाज करून पुरे म्हणतो. रविवारी मी तो घेऊन खाली उतरलो. चार चाकं, वीस बोल्ट. सगळे होते तिथेच होते. प्रत्येकानं हात लावताच 'कट्' म्हटलं. तरी मी एकही सोडला नाही, कारण पहिल्या मजल्यावरचे निवृत्त आजोबा बाल्कनीतून बघत होते. त्यांनी शेवटी विचारलंच, आमच्याही गाडीचे बघाल का. बघितले. मग त्यांच्या शेजाऱ्यांचे. पुढच्या रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या विद्यार्थिनीनं बोलावलंय. तिची गाडी लहान, वापर गावातल्या गावात, टायर ऑल-सीझन; तिला तेच योग्य आहेत आणि बोल्ट आवळायला पाच मिनिटं पुरतील. बायकोला मी तासाभरात येतो असं सांगून ठेवलंय, आणि नाणं खिशात टाकलंय.