पेटी आधी, प्रोजेक्ट मागाहून

सर्किट कुणालाही जमते. गोवंडीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत आपल्या यंत्रावर संध्याकाळी गरम कुकर टेकवला जाणार, हे गृहीत धरून पेटी बांधणारा विरळा. अशा दूरदृष्टीच्या इच्छुकांसाठी, तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाचीच पेटी बांधण्याचे हे मार्गदर्शन.

बैंगनवाडीच्या भंगारातले जुने बोर्ड भुरळ घालतील. पण त्यांच्यावरचा हिरवा थर खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही, आणि एवढा संयम असता तर माणूस एमपीएससीला बसला असता. कोरी कॉपर क्लॅड शीट लॅमिंग्टन रोडवरून आणावी: ग्लास इपॉक्सीची, १.६ मिमी जाड. तपकिरी फिनॉलिक स्वस्त पडते आणि तुटतेही तितक्याच सहज. संध्याकाळच्या हार्बर लोकलमधून धड गोवंडीला उतरलेल्या शीटची वेगळी चाचणी घेऊ नये.

हॅक्सॉच्या तुटक्या पात्याने दोन्ही बाजूंना समोरासमोर खोल रेघा माराव्यात आणि पलंगाच्या कडेवर धरून शीट मोडावी. करवतीने कापल्यास काचतंतूंचा भुगा उडतो. म्हणून पाणी शिंपडून, मास्क लावून, घराबाहेर. (‘देवनारच्या डम्पिंगशेजारी राहणाऱ्यांना काय होणार?’ हा युक्तिवाद ग्राह्य धरला जाणार नाही.)

तांबे आतल्या बाजूला ठेवून भिंती उभ्या कराव्यात. पहिल्याच झटक्यात सलग सोल्डर ओढणाऱ्याची पेटी कायम तिरकी राहते, कारण सोल्डर थंड होताना आक्रसते आणि भिंतीला आत खेचते. आधी नुसते टाके द्यावेत, गुण्या लावावा, चुकार टाका वितळवून भिंत सरळ करावी, मगच फट भरावी. तांबे उष्णता पिऊन टाकते. २५ वॅटचे आयर्न इथे नुसते लाजते, ६० वॅटच्या खाली बोलू नये. झाकणासाठी कोपऱ्यांत पितळी नट सोल्डर करावेत. त्या वेळी नटात तेल लावलेला स्क्रू असू द्यावा, नाहीतर आटे सोल्डरने बुजतात.

तांबे सर्किटच्या ग्राउंडला जोडले की शेजारच्या मिक्सरची खरखर बरीचशी बाहेरच राहते. लाउडस्पीकरवर इलाज नाही. आत वायफाय मॉड्यूल कोंडून मोबाइलवर सिग्नल शोधणाऱ्यांनी निराश होऊ नये. पेटी उत्तम झाल्याची ती खूण आहे.

मजबुतीची अंतिम तपासणी घरातल्या सर्वांत वजनदार व्यक्तीने पेटीवर चढून, माळ्यावरचा डबा काढून करावी. पेटी टिकली, तर प्रोजेक्ट बाहेर काढून तीत मसाला भरण्याचा प्रस्ताव येईल. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसे असते, हे शास्त्रीय कारण तेवढे आधीच पाठ करून ठेवावे.