चिरंजीवांचं बाथरूम

रीडिंग, इंग्लंड

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

हुडकेश्वरच्या घरामागच्या खोलीचं बाथरूम करायचं ठरलं, हे कळल्यापासून तुमच्या चिरंजीवांना झोप नाही. रोज रात्री लॅपटॉपवर नवं बाथरूम उभं राहतं. कालच्या नकाशात आठ बाय पाचच्या खोलीत टब, काचेची केबिन, काळे मॅट नळ, छतातून पडणारा शॉवर आणि कुंडीत मनी प्लांट एवढं सगळं होतं. बाबा उभे कुठे राहणार, असं विचारल्यावर त्यांनी मनी प्लांट काढला.

काचेचं एवढं वेड असलेला हा माणूस रोज आंघोळीनंतर रबरी वायपर घेऊन इथल्या शॉवरची काच पुसत असतो. इथलं पाणी खडूच्या खडकातून येतं, त्यामुळे चांगलंच जड. एक दिवस पुसायचं राहिलं की काचेवर पांढरे ठिपके धरतात, आणि किटलीच्या बुडातून चुन्याची खपली निघते. हुडकेश्वर-नरसाळा 2013 साली नागपूर महापालिकेत गेलं खरं, पण आपली बोअर अजून चालूच आहे आणि तिचं पाणी काही हलकं नाही. काळ्या नळांवर ते डाग असे उठून दिसतील की कामवाल्या मावशी पहिल्याच महिन्यात हात जोडतील. साधे चकचकीत स्टीलच्या रंगाचे नळ घ्या. लिंबाच्या फोडीने घासले की झालं.

इथल्या बाथरूमची तऱ्हाच वेगळी. जमिनीला जाळीच नाही! खाली लाकडी फळ्या, वर व्हिनाइल. जे काही अंग धुवायचं ते टबात. हे ठाऊक असूनही चिरंजीवांनी पहिल्या दिवाळीला टबाबाहेर पाट मांडला, उटणं लावलं आणि बादलीभर पाणी अंगावर घेतलं. त्या नरकचतुर्दशीला खालच्या खोलीतल्या सोफ्याचंही अभ्यंगस्नान झालं.

दिवा लावायला छतातून दोरी लोंबते. आत प्लग म्हणाल तर दाढीच्या मशीनपुरता. कमोडजवळच्या जेटलासुद्धा कायदा आडवा येतो: 1999 च्या नियमांप्रमाणे तिथलं घाण पाणी उलटं फिरून पिण्याच्या लाइनीत जाता कामा नये, म्हणून थेट मेन लाइनीवर जेट जोडता येत नाही. नव्या घरात टबाच्या नळाचं पाणी 48 अंशांवर जाऊ नये म्हणून खास व्हॉल्व्ह बसवावा लागतो. नागपुरात 23 मे 2013 ला नुसती हवाच 47.9 अंश होती. इथला इन्स्पेक्टर मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी तपासायला आला, तर अख्ख्या लेआउटचे नळ सील करून जाईल. टाकीवर शेड घालायचं बाबांनी मनावर घ्यावं, ते याचसाठी.

आता कामाचं. मिस्त्री आला की टाइलचा रंग दाखवायच्या आधी त्याला ढाळ विचारा. पाच फुटांना निदान एक इंच, आणि तोही जाळीकडे, दाराकडे नव्हे. आतली फरशी बाहेरच्यापेक्षा अर्धा इंच खाली हवी. वॉटरप्रूफिंग झालं की जाळीला बोळा कोंबून पूर्ण दिवसभर पाणी भरून ठेवा आणि बाहेरून भिंतीला हात लावून ओल येते का बघा. मिस्त्री म्हणेल, "काही होत नाही काकू, बिनधास्त राहा." राहू नका. टाइल बसल्यावर गळती शोधायची म्हणजे सगळं परत फोडायचं.

जाळीखाली ट्रॅप हवाच. 1775 साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने संडासाच्या पाइपाला बाक देऊन पेटंट घेतलं. त्या बाकात पाणी साचून राहतं आणि गटाराचा वास आत शिरत नाही. पण आपल्या उन्हाळ्यात तुम्ही महिनाभर अमरावतीला ताईंकडे गेलात की ते पाणी सुकतं, आणि परत आल्यावर दारातच नाक धरावं लागतं. निघताना जाळीत तांब्याभर पाणी आणि वरून चमचाभर गोडेतेल ओता. तेलाच्या थराखाली पाणी लवकर उडत नाही.

बाबांच्या गुडघ्यांसाठी कमोडशेजारी पकडायला दांडा हवा. तो विटांच्या भिंतीत पक्का बसवून घ्या. प्लास्टरमध्ये नुसते स्क्रू पिळलेला दांडा ऐन वेळी हातात येतो. दार बाहेर उघडणारं ठेवा. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं. कडी अशी घ्या की बाहेरूनही काढता येईल. गिझरला अर्थिंग आणि 30 मिलीअँपचा ब्रेकर, बटण बाहेर. फरशी खडबडीत मॅट; चकचकीत टाइल भिंतीला शोभतात, ओल्या पायांना नाही.

मामांनी ईशान्येला संडास नको म्हणून कळवलंय. चिरंजीवांचं म्हणणं, वास्तू वगैरे काही नसतं. मामांचं यंदा ऐकायला हरकत नाही, कारण सेप्टिक टँक नैर्ऋत्येला आहे आणि पाइप तेवढाच आखूड पडेल.

प्लास्टर झाल्यावरची आतली मापं पाठवा, म्हणजे यांचा टबाचा हट्ट फुटपट्टीनेच मिटेल.

तुमची सून

ता. क. कूलरसाठी मागच्या भिंतीला बाहेरून एक नळ जरूर काढून घ्या. एप्रिल-मेमध्ये बाबांनी बादल्या वाहायच्या नाहीत, हे एवढं कलम चिरंजीवांनी एकही फोटो न दाखवता मंजूर केलं आहे.