दंडपाणी

व्यायामास आरंभ करून ज्याला जेमतेम आठवडा लोटला आहे अशा गृहस्थाशी आपला कधी संबंध आला नाही, असे सांगणारा वाचक सापडणे दुरापास्त. तेव्हा त्या जातीची लक्षणे सविस्तर वर्णन करण्याच्या भरीस न पडता मी एकदम आमच्या वाडीच्या दंडपाणींकडे वळतो. दंडपाणी हे त्यांचे नाव नव्हे. नाव त्यांना आईबापांनी चांगले देवादिकांचे ठेवले आहे. परंतु नागपुराहून अमरावतीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील या वाडीत, जिथे अर्ध्या हिंदुस्थानचे ट्रक रात्री मुक्कामास येतात आणि घरांपेक्षा गोदामेच आधी नजरेस पडतात, तिथल्या मंडळींनी त्यांच्या माघारी हेच नाव कायम केले आहे. त्याची सार्थता ते प्रत्येक भेटीत स्वतःच, कोणी न विचारता, शाबीत करतात. सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सारून, कोपर दुमडून, मूठ कानशिलाशी नेऊन ते उजवा दंड तुमच्या नाकासमोर आणतात, आणि न्यायाधीशापुढे मुद्देमाल हजर करणाऱ्या फौजदाराच्या गांभीर्याने म्हणतात, "दाबून पाहा."

आपण दाबतो. दुसरा इलाजच नसतो. माझ्या एका हातात दुधाच्या पिशव्या व दुसऱ्यात भाजी असताना भर बाजारात त्यांनी हे फर्मान काढले, तेव्हा पिशव्या खाली ठेवून मला त्याची तामिली करावी लागली. दाबल्यावर हाताला जे लागते त्याविषयी अभिप्राय देणे मात्र अवघड. कारण तिथे काही लागलेच तर ते सदऱ्याचे कापड असते. "वा!" एवढेच म्हणावे, तर ते विचारतात, "मागच्या वेळेपेक्षा?"

दंडपाणी एका माल वाहतुकीच्या कंपनीत हिशेबनीस आहेत. वय पंचावन्नच्या पुढे, उंची बेताची, आणि देहाचा जो काही विस्तार आहे तो बहुतेक मध्यभागी. दिवसभर बिलट्या, भाडेचिठ्ठ्या व वजनाच्या पावत्या यांच्या ढिगाऱ्यात बसून त्यांना जे एक सरकारी वळण लागले आहे, ते त्यांच्या व्यायामातही उतरले आहे. व्यायाम करावा की करू नये याविषयी त्यांच्या मनात कधीच संदेह नव्हता; प्रश्न होता तो प्रेरणेचा. प्रेरणा ही वस्तू कुठल्याशा वरिष्ठ कचेरीत टिपण होऊन, सह्या होऊन, शिक्क्यानिशी आपल्याकडे येत असते आणि ती येईपर्यंत हात हलवणे गैरशिस्त आहे, अशी त्यांची ठाम समजूत. त्यामुळे वर्षानुवर्षे त्यांचा व्यायाम तहकूब राहिला. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर, म्हणून तहकूब. पावसाळ्यात ट्रकांनी केलेला चिखल, म्हणून तहकूब. दिवाळीचा फराळ वाया जाऊ नये, म्हणून तहकूब. आणि थंडीत पहाटे अंथरुणातून उठण्यासच प्रेरणेची गरज, म्हणून मूळ अर्जच निकालात.

मधल्या काळात पूर्वतयारीत मात्र कसूर नव्हती. खोलीत एका भिंतीवर मारुती, दुसरीवर १९५२ साली हेलसिंकीस कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव. सूर्यनमस्कारांवर १९२८ साली इंग्रजीत पुस्तक लिहून त्यांचा परदेशापर्यंत प्रसार करणारे औंधचे राजेसाहेब, भवानराव पंतप्रतिनिधी, यांचे चित्र अंथरुणाच्या समोर. म्हणजे सकाळी डोळा उघडताच राजाशी नजरानजर होऊन लाज वाटावी. तशी ती वाटत असे, आणि दंडपाणी कूस बदलत. मुजुमदारांनी बडोद्याहून प्रसिद्ध केलेल्या दहा खंडी व्यायाम ज्ञानकोशाचे दोन जाडजूड खंड त्यांना सीताबर्डीच्या रद्दीत मिळाले होते. ते त्यांनी वाचले किती हे मी विचारलेले नाही. परंतु पुढे व्यायाम सुरू झाल्यावर, लोखंडी डंबेल्स येईपर्यंत, ते दोन्ही हातांत एकेक खंड घेऊन वरखाली करीत असत हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे, आणि ज्ञानकोशाचा इतका सरळ उपयोग फार थोड्या वाचकांनी केला असेल.

प्रेरणेच्या शोधार्थ त्यांनी एकदा अमरावतीचीही यात्रा केली. आमच्या दारावरून जाणाऱ्या याच रस्त्याने पश्चिमेस सुमारे दीडशे किलोमीटर गेले की श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ लागते. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. असल्या पुण्यक्षेत्री दंडपाणी गेले, मल्लखांब पाहिला, भारावले. आणि खांबावरून नुकत्याच उतरलेल्या दहाबारा वर्षांच्या एका पोरापुढे त्यांनी बाही सारली. पोराने मोठ्या अदबीने दंड दाबला, क्षणभर विचार केला आणि म्हटले, "काका, आता दुसरा दाखवा." ही हकीगत त्यांनी स्वतःच मला सांगितली, आणि पोराची जिज्ञासा दांडगी होती, असा तिचा अर्थ लावला.

त्या यात्रेनंतर प्रेरणा मंजूर होऊन आली म्हणतात. एका पहाटे ते खरोखरच उठले, दहा बैठका व चार जोर काढले, आणि त्याच दिवशी संध्याकाळपासून वाडीत दाबण्याचे पर्व सुरू झाले. वजनकाट्यावरच्या माणसाने दाबला. शहर बसच्या वाहकाने एका हाताने सुटे पैसे देत दुसऱ्याने दाबला. भाचीच्या लग्नाची बोलणी चालू असता, देण्याघेण्याचा मुद्दा निघणार इतक्यात, वरपित्याने दाबला. आणि तो मुद्दा पुन्हा निघाला नाही, याचे श्रेय दंडपाणी आजही घेतात. एका तेरवीला, पान वाढण्यास उशीर होत आहे असे पाहून, त्यांनी शोकाकुल यजमानापुढेच दंड केला. त्या बिचाऱ्याने डोळे पुसले, दाबला, आणि पुन्हा डोळे पुसले.

सर्वांत गाजले ते इंजेक्शनचे प्रकरण. ताप आला म्हणून दवाखान्यात गेले असता त्यांनी सवयीप्रमाणे दंड असा काही ताठ आवळून कंपाउंडरपुढे धरला की तो म्हणाला, "काका, ढिला सोडा जरा." हे चार शब्द म्हणजे दंडपाणींच्या आयुष्यातील पहिली सनद. कंपाउंडरची सुई आत जाईना, अशी वार्ता त्या रात्रीपर्यंत साऱ्या वस्तीभर पसरली. दुसऱ्या दिवशी ती सुई वाकली होती आणि तिसऱ्या दिवशी तुटली. आणखी चार दिवस ताप राहिला असता तर दवाखाना बंद पडला असता.

इतकी साक्ष गोळा करण्याची त्यांना गरज का भासावी, याचा मी पुष्कळ विचार केला. त्याचा उलगडा कोपऱ्यावरच्या जिममधील पोरसवदा शिक्षकाने केला. त्याने दंडपाणींना स्पष्ट बजावले होते की, पहिले सहा-आठ आठवडे दंडाकडे पाहूच नका. वजन उचलू लागल्यावर आरंभी जी ताकद वाढते ती मांस वाढल्यामुळे नव्हे. असलेल्याच स्नायूंतील अधिक तंतूंना एका वेळी कामास लावण्याची कला मज्जासंस्था शिकते, म्हणून ती वाढते. स्नायूचा घेर पुढे, सावकाश, आणि वयपरत्वे आणखी सावकाश वाढतो. शिवाय तिशी ओलांडली की दर दशकास साधारण तीन ते आठ टक्के स्नायू झिजतात आणि साठीनंतर ही वजावट वाढते. म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी जोर काढणारा मनुष्य पुष्कळसा व्यायाम केवळ जुनी बाकी फेडण्यासाठीच करीत असतो. आरंभीची सारी जमा अशी आतल्या खात्यावर. बाहेर दाखवायला पावतीसुद्धा नाही. हिशेबनिसाला ही गोष्ट पटणे कसे शक्य आहे? नेमक्या याच पावतीविना काढाव्या लागणाऱ्या आठवड्यांत हजारो लोक व्यायाम सोडतात. दंडपाणींनी सोडला नाही, कारण पावतीवर सही करण्यास त्यांनी सारी वाडी वेठीस धरली होती.

परंतु वाडीतही एक वर्ग असा आहे की ज्याच्यापुढे हा दंड लटपटला. एका दुपारी गोदामासमोर सिमेंटची गाडी लागली होती. दंडपाणी सावलीत उभे राहून, पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून उतरणाऱ्या हमालांकडे कौतुकाने पाहत होते. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केलेली आहे, आणि हमालांच्या हितासाठी १९६९ चा माथाडी कायदाही आहे. परंतु एका पोत्यानंतर दुसरे, दुसऱ्यानंतर तिसरे, आणि गाडीमागे गाडी, याला काही मर्यादा कोणी घातलेली मला आढळत नाही. काम आटोपून एक हमाल पाणी प्यायला बसला, तेव्हा दंडपाणींनी त्यास विचारले, "तुला रे कुठून मिळते प्रेरणा?"

तो गृहस्थ काही वेळ त्यांच्याकडे नुसता पाहत राहिला. "आमाले कायची प्रेरना, साहेब? गाडी लागली का खाली कराच लागते."

यावर निरुत्तर झालेला मनुष्य गप्प बसला असता. दंडपाणींनी बाही सारली. हमालाने आपला सिमेंटने माखलेला हात पायजम्याला पुसला, दोन बोटे त्या दंडावर अलगद टेकवली आणि लगेच काढून घेतली. "जास्त दाबत नाही साहेब," तो म्हणाला, "दुखन."

शहरातला सुखवस्तू मनुष्य दरमहा वर्गणी भरून लोखंड उचलतो, ते पुन्हा जागच्या जागी ठेवतो, आणि या निरुपयोगी कष्टासाठी मनाची तयारी व्हावी म्हणून व्याख्याने ऐकतो. आणि त्याच्याच दारात दुसरा मनुष्य तेवढेच वजन दिवसभर उपयोगासाठी उचलून पन्नाशीच्या आत पाठीतून मोडतो. भक्कम शरीराची स्तुती करणाऱ्या आमच्या साऱ्या वाङ्मयात हमालाची पाठ कुठे नोंदलेली नाही. दंडपाणींच्या ध्यानात यातले किती आले, सांगता येत नाही. पुढचे काही दिवस मात्र त्यांनी कोणास दंड दाबावयास लावला नाही, आणि खरे सांगायचे तर वाडीला चुकल्यासारखे झाले.

याच सुमारास एका रात्री वीज गेली असता ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. काळोखात दंड दिसत नाही, म्हणून असेल कदाचित, त्यांनी त्या दिवशी वेगळीच गोष्ट काढली. त्यांच्या लहानपणी वाडी हे खेडेच होते आणि शिवारापलीकडे एक आखाडा होता. नागपंचमीस उस्ताद साऱ्या पोरांना रांगेत उभे करीत आणि एकेकाचा दंड दाबून निकाल देत. 'भरला' म्हटले की तो पोरगा मोठ्यांच्या कुस्तीत जाई. दंडपाणींचा दंड दाबून उस्ताद म्हणाले, "कच्चा." दुसऱ्या वर्षी दाबला तेव्हा थोडे थांबून म्हणाले, "कच्चाच. पण आहे." दंडपाणींनी ते 'पण आहे' वर्षभर उराशी बाळगले; पहाटे चारला उठून, कोणी न उठवता, जोर काढले. तिसऱ्या नागपंचमीच्या आत वडिलांनी मॅट्रिकसाठी त्यांना नागपुरास मामाकडे धाडले. ते परतले तोवर उस्ताद वारले होते, हौद्यातली तांबडी माती कुणीकुणी आपल्या अंगणासाठी उचलून नेली होती, आणि त्या जागी आज गोदाम आहे. दंडपाणींच्या कंपनीचे नव्हे, शेजारच्या.

"तिसरा निकाल राहूनच गेला न, भाऊ," ते म्हणाले. तेवढ्यात वीज आली. त्यांनी बाहीकडे हात नेला आणि मग का कोण जाणे तसाच खाली घेतला; तेव्हा मीच आपण होऊन त्यांचा दंड दाबला.

या गृहस्थाविषयी मला ममत्व वाटते असे मी लिहून देणार नाही. तेरवीतला प्रसंग मी विसरलेलो नाही. परंतु वस्तुस्थिती नमूद केली पाहिजे. त्यांचा व्यायाम अद्याप चालू आहे. दंडाचा घेर वाढल्याचा पुरावा उपलब्ध नाही. मात्र पूर्वी दोन ठिकाणी थांबून चढत तो कचेरीचा जिना ते आता एका दमात चढतात, घरचे गव्हाचे पोते शेजाऱ्याला हाक न मारता आत नेतात, आणि सिमेंटची गाडी लागली की हमालांसाठी पाण्याचा माठ भरलेला आहे की नाही हे कुणालाही न सांगता पाहून येतात. दाबण्याचे पर्वही, थोड्या सौम्य स्वरूपात, पुनश्च सुरू झाले आहे. तेव्हा वाचकांपैकी कोणाचे वाडीस येणे झाले आणि एखाद्या ठेंगण्या गृहस्थाने बाही सारून दंड पुढे केला, तर कृपा करून हातातले सामान खाली ठेवावे, तो चांगला जोराने दाबावा, आणि कितीही घाई असली तरी निकाल दिल्याशिवाय जाऊ नये. 'कच्चा' म्हटले तरी चालेल.