पाय खातं बुडीत

वर्ध्यात आर्वी नाक्याजवळच्या आमच्या जिममध्ये रोज संध्याकाळी आधी एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही येते आणि तिच्या मागोमाग एक माणूस. त्याचं खरं नाव फीच्या रजिस्टरात असेलच; पोट्टे त्याला मुनीमजी म्हणतात आणि बरोबरीचे नुसतं मुनीम. दिवसा तो एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. कापसाची गाडी आली की भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी, पावती. दिवसभर दुसऱ्यांचा माल जोखून झाला की संध्याकाळी स्वतःला जोखायला येतो.

इतर लोक आल्या आल्या हातपाय मोकळे करतात, मुनीम रेघा मारतो. पानाच्या डोक्यावर श्री, मग तारीख, तिथी, झोप किती, सकाळचं खाणं ('पोहे, तर्री वगळून', आणि चार दिवसांनी 'पोहे, तर्रीसह'). खाली रकाने : व्यायाम, किलो, आवर्तनं, शेरा. या शेऱ्याच्या रकान्यात मुनीमाची सगळी प्रतिभा उतरते. 'आठवं आवर्तन अर्धवट. मागे कोणी शिंकलं.' 'दांडी डावीकडे कलली. दोष दांडीचा.' 'साठ किलो सहज. पंखा बंद होता तरी.' दोन सेटच्या मध्ये दोन मिनिटं विश्रांती हा नियम. त्यातलं दीड मिनिट लिहिण्यात जातं आणि उरलेल्या अर्ध्यात तो लिहिलेलं वाचून खूश होतो.

ही झाली रोजकीर्द. रविवारी दुपारी तो घरी खतावणी करतो. छाती खातं, पाठ खातं, खांदा खातं. छातीचं पान भरून पुढच्या पानावर गेलंय. पाय खात्यावर मात्र जमेपेक्षा कारणंच जास्त : 'पोळा', 'गुडघा', 'लग्न (सेलू)', 'रॅक रिकामा नव्हता'. त्या शेवटच्या दिवशी जिममध्ये आम्ही दोघंच होतो आणि मी रॅकपासून लांब होतो. एकदा मी त्याला छेडलं, तर वही पुढे करून शांतपणे म्हणाला, "पाय खातं बुडीत आहे भाऊ. पण लपवलं तर नाई ना?"

खरं तर मुनीमाची थट्टा करताना जरा जपूनच करावी लागते, कारण हिशेबात तो सहसा चुकत नाही. एका सकाळी त्याचं वजन सव्वा किलोने वाढलं. मी अभिनंदन केलं.

"ओलावा आहे," तो म्हणाला. "काल तेरवीचं जेवण होतं. मीठ जास्त होतं. पाणी धरून राह्यलं अंग."

कापूस खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात, बाराच्या वर गेला की कापूस महामंडळ (सीसीआय) माल घेतच नाही. मुनीमाने हा कायदा स्वतःच्या देहाला लावलाय. एका दिवसाचा आकडा तो मानत नाही. सात दिवसांची सरासरी काढून मागच्या आठवड्याशी ताडून पाहतो. दंडाचं माप महिन्यातून एकदा, पहिल्या तारखेला, सकाळी, अंग थंड असताना. व्यायामानंतर रक्त भरून दंड फुगतात तेव्हा पोट्टे टेप घेऊन आरशाकडे धावतात. मुनीम तिकडे बघतसुद्धा नाही. "पाणी मारून आणलेला कापूस आहे तो," म्हणतो. ज्याने आयुष्यभर काट्यावर बसून तऱ्हेतऱ्हेचे शेतकरी आणि त्यांच्याहून तऱ्हेतऱ्हेचे व्यापारी पाहिले, त्याला स्वतःचा दंड काय फसवणार!

सुरुवातीला मात्र त्याचं गणित जुळेना. दोन महिन्यांत बेंचवरचं वजन तीसवरून पंचेचाळीसला गेलं आणि दंड सुताएवढाही हलला नाही. माल वाढला नाही आणि नफा कुठून आला, या काळजीने त्याला झोप लागेना, तशी नोंदही आहे. शेवटी ट्रेनरने समजावलं, की पहिले काही आठवडे ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसांमुळे. असलेल्या स्नायूंना एकदम कामाला जुंपायचं त्यांना कळू लागतं. मांस चढतं ते मागाहून, सावकाश. मुनीमाने दुसऱ्याच दिवशी 'नस खातं' नावाचं पान उघडलं आणि सगळी जुनी जमा तिकडे वळती केली.

या मोजामोजीच्या बाबतीत जिल्ह्यातली जुनी मंडळी त्याच्या विरोधात आहेत. वर्ध्याला कुस्तीचं वारं आहे. देवळीच्या आखाड्यातले रामदास तडस तर २०१४ साली थेट लोकसभेत पोचले. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या पैलवानाने मुनीमाची वही चाळली आणि नाक मुरडलं. "आमी मोजत नोतो बाप्पा. थकेस्तोवर मारत जाओ."

"मंग थके कवा, ते कुठी लिवलं आहे?" मुनीमाने विचारलं. पैलवानाला उत्तर सुचलं नाही. अजूनही तो भेटला की तो प्रश्न आठवून चिडतो.

पोळ्याच्या दिवशी मी त्याला क्रोटोनच्या मिलोची गोष्ट सांगितली. ग्रीकांचा मल्ल, ऑलिंपिकमध्ये पुन्हा पुन्हा जिंकलेला. रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चालायचा, आणि वासराचा बैल होईतो तो बैल उचलण्याजोगा झाला, अशी दंतकथा आहे. जगभरचे व्यायामशिक्षक ती सांगतात, ओझं थोडं थोडं वाढवत न्यावं म्हणून. समोरून झुली पांघरलेले बैल चालले होते. मुनीमाने एका खोंडाकडे काटेवाल्याच्या नजरेने पाहिलं आणि म्हणाला, "वासरू रोज काट्यावर घेतलं होतं का त्यानं? नाई? मंग वासरू वाढलं का मिलो, हे कसं सांगता?"

त्याच्या मते गांधीजी मिलोपेक्षा कितीतरी पक्के. रविवारी सायकलने सेवाग्रामला जातो, तिथलं सगळं त्याला पाठ आहे. १९३६ साली बापू तिथे राहायला आले. आश्रमात प्रार्थनेच्या वेळी हजेरी व्हायची तेव्हा आज किती तार कातले तो आकडा ज्याने त्याने सर्वांसमोर सांगायचा. मुनीमाला हे फार आवडतं. २०१९ मध्ये आयसीएमआरच्या नियतकालिकाने बापूंच्या प्रकृतीच्या नोंदी छापल्या, त्याची बातमी त्याने वहीत चिकटवली आहे : वजन ४६.७ किलो, बीएमआय १७.१, आणि १९४० सालचा एक रक्तदाब २२०/११०. मी म्हटलं, मुनीमजी, हे तर तुमच्या तक्त्यात कमी वजनाच्या रकान्यात जातात. त्याने कानाला हात लावला. "वजन कमी, पण नोंद पाहा ना कशी चोख. ऐंशी वर्षांनी छापता आली."

एकाच ठिकाणी मुनीमाचा पाय घसरतो. एपली नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाचं एक सूत्र आहे : जितक्या आवर्तनांत जितकं वजन उचललं त्यावरून एकदाच कमाल किती उचलता येईल, त्याचा अंदाज. मुनीमाचे साठ किलो आठदा, म्हणजे एकदा शहात्तर. तेव्हापासून मुनीम शहात्तरवाला झाला. चहाच्या टपरीवर, जिनिंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे शहात्तर. पोट्ट्यांनी एकदा खरोखर शहात्तर लावून दांडी समोर ठेवली. मुनीमाने चष्मा पुसला, दांडी पाहिली. "अंदाजपत्रक आहे ते," म्हणाला, "खर्च कराच लागतो असं नाई."

पोट्टे जानेवारीत येतात, नाही तर लग्न ठरलं की येतात. पावडरचे डबे आणतात (सोयाबीन पिकवणाऱ्या जिल्ह्यात, हे मुनीमाचं जुनं दुखणं, तो स्वतः सोयाबीनच्या वड्या मोजून खातो), रोज आरशात पाहतात. आरसा कालचंच दाखवतो. होळीपर्यंत अर्धे गळतात. एकाचं सगळं फोनमधल्या अ‍ॅपवर होतं. फोन धाम नदीत पडला आणि त्याबरोबर त्याचा व्यायामही. ४५ अंशांच्या मे महिन्यात, पत्रे तापलेले असताना, जिममध्ये उरतो तो मुनीम. त्यालाही कंटाळा येतो. मग तो भिंतीला टेकून गेल्या वर्षीचं याच तारखेचं पान काढतो. तिथे चाळीस किलो आणि शेरा : 'हात थरथरले.' ते वाचलं की उठतो, पन्नास लावतो. "याच्याशी भांडण आहे माझं," म्हणतो आणि पानावर बोट आपटतो.

घरी मात्र या वहीला वेगळाच मान आहे. एका रविवारी मी ओसरीवर चहा घेत होतो. गॅसवाला सिलिंडर अंगणात ठेवून गेला. आतून वहिनींचा आवाज, "अवो, सिलिंडर आत घेता का?" मुनीम उठला, वाकला आणि उचलायच्या ऐवजी कड्याखाली लिहिलेलं वाचू लागला. रिकामा १५.३, गॅस १४.२. "साडेएकोणतीस!" काट्यावर न जाता वजन कळलं म्हणून चेहरा खुलला. नोंद हवी म्हणून वही आणायला आत गेला; पेन सापडेना.

तेवढ्यात त्याची सत्तरीतली माय आली. पदर खोचला, सिलिंडर तिरपा केला आणि बुडाच्या कडेवर गरगर फिरवत उंबऱ्यापर्यंत नेला. उंबऱ्यावरून उचलून पलीकडे ठेवला आणि परत येऊन तूर निवडायला बसली.

मुनीम वही घेऊन आला तो अंगण रिकामं.

"मायं, उचलला का लोटला?"

"लोटला. उंबऱ्यावर उचलला."

त्याने कोरं पान काढलं, वर श्री लिहिलं, मायचं खातं उघडलं. किलो २९.५, आवर्तन १, शेरा : 'उंबऱ्यापुरती उचल.'

"मागच्या खेपेचंही लिव," माय म्हणाली. "त्याच्या मागचंही. चुलीवरून गॅस आला तवापासून मीच नेतो."

"मागचं तोंडी चालत नाई मायं."

म्हातारी दिवसभर बोलली नाही. पुढचा सिलिंडर आला तो अंगणात संध्याकाळपर्यंत तसाच. वहिनी दोनदा येऊन पाहून गेल्या. माय शेजारीच पाट टाकून बसलेली, पण हात लावायला तयार नाही. मुनीम जिनिंगमधून येऊन सायकल लावतो न लावतो तोच म्हणाली, "आधी वही आण."