काटा मध्यावर आहे

मोटारमालकांचे अनेक वर्ग पाडता येतात. त्यांपैकी ज्याला काटेनिष्ठ म्हणावे असा वर्ग वाचकांच्या परिचयाचा, बहुधा नात्यातलाच, असल्याने त्याची सविस्तर व्याख्या करण्याचे कारण नाही. इंजिनाचे तापमान दाखवणाऱ्या काट्यावर या गृहस्थांची जी श्रद्धा असते, ती पत्नीच्या नाकावर, मेकॅनिकच्या कानावर किंवा बॉनेटमधून निघणाऱ्या वाफेवरही बसत नाही.

मे महिन्यातल्या दुपारी पुण्याहून साताऱ्याकडे जाताना, खंबाटकी घाटाच्या चढावर, शेजारी बसलेल्या पत्नीने काहीतरी गोडसर वास येत असल्याचे सांगितले, तर काटेनिष्ठ गृहस्थ समोर एकवार पाहून ‘काटा मध्यावर आहे’ असे उत्तर देतात. वास कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यात फिरवल्या जाणाऱ्या ग्लायकॉलमिश्रित पाण्याचा असतो, आणि तो नाकापर्यंत आला म्हणजे ते पाणी कुठून तरी गळू लागलेले असते. पुढे गाडी ओढेनाशी होते, तेव्हा चढ आहे. इंजिन टकटक करू लागते, तेव्हा पेट्रोलमध्ये भेसळ आहे. काटा मात्र मध्यावर आहे.

काटा खोटे बोलत नाही, हीच यातली खरी अडचण. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच पाण्याचे तापमान सांगू शकतो. पाणी गळून तो कोरडा पडला की काटा वर चढण्याऐवजी पुष्कळदा आहे तिथेच राहतो, क्वचित खालीही उतरतो. त्यातच, लहानसहान चढउतारांनी चालकाने घाबरू नये म्हणून, कितीतरी गाड्यांत तापमान बरेच वरखाली झाले तरी काटा मधोमधच राहील अशी सोय उत्पादकानेच करून ठेवलेली असते. तेवढ्या अवधीत ॲल्युमिनियमचे हेड वाकते, हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पट्टी, म्हणजे हेड गॅसकेट, उडते, आणि अखेरीस पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून इंजिन सीझ होते. गॅरेजमध्ये ‘साहेब, आत पाण्याचा थेंब नव्हता’ असे ऐकल्यावरही गृहस्थांचा युक्तिवाद तोच राहतो, आणि तो ते हेडकामाच्या बिलावर सही करता करता मांडतात. नव्या अनेक गाड्यांत काटा काढून केवळ लाल दिवा ठेवलेला असल्याने अशी गाडी घेणे त्यांना अधर्म वाटते.

ही निष्ठा गाडीपुरती राहिली असती तर तिची दखल घेण्याची गरज नव्हती. रक्तदाबाचा आकडा बरा आला की छातीतली कळ ही वायूची ठरते. मुलाचा फोन दर रविवारी येतो, मग तो दोनच वाक्यांत आटोपत असला तरी चिंतेचे कारण उरत नाही. पत्नीने वर्षानुवर्षे केलेल्या तक्रारी एके दिवशी थांबतात, जेवणाच्या टेबलावर भांड्यांचाच काय तो आवाज राहतो, आणि संसार सुरळीत चालल्याचे समाधान गृहस्थांच्या चेहऱ्यावर दिसते. काटा मध्यावर आहे.

तथापि, न्यायबुद्धीने एक गोष्ट नोंदवणे भाग आहे, आणि ती थोड्या नाइलाजानेच नोंदवावी लागते. घाटात कुणाचीही गाडी तापून उभी दिसली की थांबणारा पहिला माणूस हाच असतो. डिकीत पाण्याचा पाच लिटरचा कॅन भरलेला असतो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडायला निघालेल्या अनोळखी तरुणाचा हात तो अक्षरशः धरून ठेवतो, कारण दाबाखालचे पाणी १०० अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही आणि झाकण निघताच उसळून अंगावर येते, हे त्याला पक्के ठाऊक असते. मग अर्धा तास त्या कुटुंबाला झाडाखाली बसवून तो थर्मासमधला स्वतःचा चहा वाटतो, आणि होज पाइपला हात लावून, वास घेऊन, गळती नेमकी शोधून देतो. त्यांच्या काट्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. ही बुद्धी तो घरी का नेत नाही, याचे उत्तर त्याच्या पत्नीलाही सापडलेले नाही. थर्मास मात्र निघण्यापूर्वी तीच आठवणीने भरते.

तेव्हा खंबाटकीत असे गृहस्थ स्वतःच उभे दिसले, तर वाचकांनी गाडी अवश्य थांबवावी. पाणी त्यांच्याकडे असतेच. टोचनासाठी दोर तेवढा न्यावा.