पॉलिशकाका

जुन्या गाड्यांचे शौकीन दोन जातींचे. पहिले गाडी चालवतात. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं फार नसतं. रविवारी सकाळी हायवेला चहा पितात आणि दुपारी गाडीला धक्का मारत घरी येतात. दुसरे गाडी जपतात. वसई-विरार पट्ट्यात या दुसऱ्या जातीचं पीक जोमदार, कारण इथली हवाच अशी आहे की जपणाऱ्याला काम कमी पडत नाही. पश्चिमेला अर्नाळ्यापासून भुईगावपर्यंत समुद्र, दक्षिणेला खाडी, मधेमधे मिठागरं. लोखंडाने नुसता श्वास घेतला तरी ते गंजतं.

आमच्या सोसायटीतले पॉलिशकाका या जातीचे मेरुमणी. हे नाव पोरांनी ठेवलं, पण आता मेंटेनन्सच्या थकबाकीची चर्चासुद्धा याच नावाने होते. पाण्याच्या पंपाशेजारी कापडाखाली त्यांची 1978ची प्रीमियर पद्मिनी उभी असते. मूळची ही फियाट 1100 डिलाइट, 1964पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी, आणि पद्मिनी हे नाव तिला पुढे दहा वर्षांनी मिळालं, हे काका नव्या वॉचमनला पहिल्याच दिवशी सांगतात. ऑक्टोबर 2023च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा काकांनी सुतक पाळलं. म्हणजे बफिंग केलं नाही.

इंजिनाबद्दल काका बोलत नाहीत. ती आतली बाब. त्यांचा जीव पट्ट्या, बंपर, व्हील कप, हँडल आणि डॅशबोर्डवरचे खटके यांत. खिशात जीवदानीच्या पायथ्याशी घेतलेला फ्रिजला लावायचा मॅग्नेट असतो. कोणाचीही जुनी गाडी दिसली की देवीला नमस्कार करून तो पट्टीला लावतात. चिकटला तर लोखंड, नाहीतर स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियम. ‘‘पण काही स्टीललाही चिकटतो,’’ असं लगेच पुढे म्हणतात. मग मॅग्नेट लावला कशाला, हे विचारायची हिंमत फक्त काकूंमध्ये आहे.

क्रोम हा काकांचा कीर्तनाचा विषय. ‘‘क्रोम चमकतो हा लोकांचा गैरसमज. चमकतं ते खालचं निकेल. क्रोमचा पदर एका मायक्रॉनहूनही पातळ. निकेलात कंजूषपणा केला की संपलं! बारीक छिद्रांतून खारं पाणी आत शिरतं आणि लोखंड खालून फुगतं.’’ त्यामुळे वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत काका दिसले की प्लेटिंगवाले जेवणाची सुट्टी लवकर करतात. एकाने शेवटी कंटाळून सुचवलं, ‘‘काका, सगळंच पावडर कोटिंग करून टाका ना.’’ काकांनी पिशवीतून प्लास्टिकचा खटका काढून त्याच्यापुढे धरला. ‘‘एकशेऐंशी अंशांच्या भट्टीत हा टाकतोस? मग चमच्याने काढ.’’

खटक्यांवरची चिन्हं पुसली गेली तेव्हा तर घरात निवडणुकीसारखं वातावरण होतं. पुतण्याने मार्कर आणला.

‘‘काका, यावर पर्मनंट लिहिलंय.’’

‘‘लिहिणाऱ्याने गाडी उन्हात लावलेली नाही.’’

मग तासभर शाईपुराण. मार्करमध्ये बहुतेकदा विरघळलेला रंग असतो आणि ऊन तो खाऊन टाकतं. टिकते ती न विरघळणारी पूड, पिगमेंट. त्यातही कार्बनची काळी आणि टायटॅनियमची पांढरी. लाल बहुधा आधी पळतो. वरून क्लिअर मारायचा तर शाई पुरती सुकू द्यायची, नाहीतर क्लिअरमधलं थिनर तिला घेऊन ओघळतं. आणि आदल्या दिवशी कोणी सिलिकॉनचा स्प्रे मारलेला असला, तर रंगात माशाच्या डोळ्यांसारखी भोकं पडणार. पुतण्या तेव्हापासून सणावारालाच येतो.

काका ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवत नाहीत, हे मात्र मानलं पाहिजे. गच्चीत टाकीवर त्यांचे पत्र्याचे तुकडे मांडलेले असतात. प्रत्येकाच्या अर्ध्या भागावर काळी टेप. पावसाळ्यानंतर टेप काढून झाकली आणि उघडी बाजू शेजारी-शेजारी ताडून पाहायची. मिठाच्या पाण्याची परीक्षा स्वयंपाकघरात होते. काकूंचा लोणच्याचा डबा त्यात गेला. ‘‘अहो, निदान झाकणावर तरी लिहा काय आहे ते,’’ काकू म्हणाल्या. काकांनी लिहिलं, पण आधी कोणती शाई टिकेल यावर आठवडाभर विचार केला. तेवढ्यात काकूंनी डबा घासून ठेवला.

2021मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या नंबरप्लेटचा नियम काढला. काकांची गाडी 2028मध्ये त्यात बसेल. त्या नियमात आणखी एक कलम आहे: अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. दुसरा कोणी हिरमुसला असता. काकांनी ते कलम छापून काकूंच्या पुढ्यात ठेवलं. ‘‘बघ. सरकारसुद्धा हेच म्हणतंय.’’

गेल्या मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न ठरलं, आगाशीला. वरातीला पद्मिनी हवी म्हणून तिचे वडील पेढे घेऊन गेले. काका ‘नाही’ म्हणाले नाहीत. अटी सांगितल्या. टेप लावायची नाही, गुलाब बंपरवर बांधायचा नाही, पाकळ्यांचे डाग पडतात. फेसाचे फवारे बंद. नवऱ्या मुलाने अंगठी काढून दार उघडायचं. आणि शक्य असल्यास मुहूर्त ऑक्टोबरनंतरचा. क्लिअर अजून कच्चा आहे.

मुलगी भाड्याच्या इनोव्हातून गेली. काका-काकू रिक्षाने पोचले. मंगलाष्टकं सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून काका बाहेर इनोव्हापाशी वाकले होते. खिशातून फडकं निघालं होतं आणि ड्रायव्हर निमूटपणे ऐकत होता.

‘‘ही टेप आजच काढ. उद्यापर्यंत गोंद धरेल. आणि हे बघ, रॉकेल लावू नकोस. आधी कोमट पाणी, मग थोडं खोबरेल. थांब, मीच दाखवतो.’’

आतून काकूंची हाक आली. अक्षता वाटून झाल्या होत्या.